सात नंबर किती जातो?

आमच्या गोल्फ कोर्सवरचं सहावं होल १०४ यार्डांचं आहे. कार्डावर सगळ्यात सोपं. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की समोर तळं, तळं संपलं की लगेच ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक गवताची जागा, मागे बाभळीची रांग. तळ्याची पलीकडची कड टीपासून ९६ यार्डांवर. बॉल हवेतून तेवढा गेला की सुटलात, नाही तर डुबुक्. गेल्या वर्षी जूनच्या शेवटी, पहिला दणकून पाऊस होऊन गेल्यावर, मी तिथे एकापाठोपाठ तीन बॉल पाण्यात घातले. तिन्ही सात नंबरच्या आयर्ननं. (मारायच्या काठीला क्लब म्हणतात, लोखंडी डोक्याच्या क्लबला आयर्न.) माझा सात नंबर ११० यार्ड जातो, याबद्दल माझ्या मनात तोवर तिळमात्र शंका नव्हती.

चौथा बॉल काढायला मी बॅगेत हात घातला तेव्हा बॅग उचलणारे कॅडीमामा म्हणाले, "मॅडम, मागच्या आठवड्यात ह्याच क्लबनं तुम्ही पार केलं होतं."

"तेच तर म्हणतेय मी."

"तेव्हा बॉल कुठला होता?"

मला आठवेना. आत्ता पाण्यात गेले ते कुठले होते, तेही सांगता येईना. एक गुलाबी होता एवढं नक्की.

मी बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा इन्स्पेक्शनमध्ये. शाखेत जाऊन तिजोरीतल्या नोटा मोजायच्या, तारणाचं सोनं वजन करून नोंदीशी ताडून बघायचं, हे माझं काम. वजनात अर्ध्या ग्रॅमचा फरक आला तरी मॅनेजरला घाम फोडणारी मी, आणि स्वतःच्या बॅगेत काय आहे याचा पत्ता नाही. घरी आल्यावर बॅग गच्चीत उलटी केली.

सत्तेचाळीस बॉल निघाले. प्रत्येकाची वेगळी जात. सात-आठ कंपन्यांचे, पैकी काही मॉडेलं कधीच बंद झालेली. अकरांवर कुठल्या ना कुठल्या विमा कंपनीचा, बिल्डरचा किंवा औषध कंपनीचा छाप, म्हणजे नवऱ्याला स्पर्धांमध्ये फुकट मिळालेले. सहा गुलाबी, माझ्या वाढदिवसांना आलेले. बाई गोल्फ खेळते म्हटल्यावर लोकांना दुसरं काही सुचतच नाही. पंधरा-वीस बॉल कोर्सच्या कुंपणापाशी विकत घेतलेले, पाण्यातून काढून धुतलेले. त्यातल्या दोनांवर ओरखडे लपवायला नवा रंग चढवलेला होता. आणि तळाशी सासऱ्यांच्या जुन्या कॅनव्हासच्या बॅगेतून आलेला एक पिवळट बॉल, हातात घेतला तर इतरांपेक्षा किंचित लहान वाटणारा. नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतलं व्हर्नियर काढलं. इतर बॉल ४२.७ मिलिमीटर, हा ४१.१.

"अगं, तो बाबांचा लहान बॉल," नवरा म्हणाला. पूर्वी ब्रिटिश नियमांत १.६२ इंचाचा बॉल चालायचा, अमेरिकेत १.६८चा. १९९०पासून लहान बॉल जगभर बाद. आता व्यास १.६८ इंचाहून, म्हणजे ४२.६७ मिलिमीटरहून, कमी चालत नाही आणि वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणजे मी अधूनमधून जो बॉल मारत होते, त्याला बाद होऊन तीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता. तो मी देवघराशेजारच्या कपाटात ठेवला आहे.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात. आयर्नचा नंबर जितका लहान तितका बॉल खाली आणि लांब जातो. नंबर वाढत गेला की उंच आणि जवळ. प्रत्येक क्लबचं आपलं एक अंतर असतं, आणि निम्मा खेळ म्हणजे समोरच्या अंतराला योग्य क्लब काढणं. त्यामुळे "तुझा सात नंबर किती जातो?" हा प्रश्न क्लबमध्ये सगळ्यांना विचारला जातो, आणि उत्तर पगार विचारल्यासारखं मिळतं. कुणी खरं सांगत नाही, आणि सांगितलेला आकडा कमी करून घ्यायचा असतो हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. माझ्या ११०चा उगम शोधला तेव्हा तो एका एप्रिलमधल्या संध्याकाळी सापडला. जमीन रोटीच्या तव्यासारखी तापलेली, टणक. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, एक बॉल मस्त लागला, टप्पा पडल्यावर घरंगळत गेला आणि शंभराच्या पाटीच्या बराच पुढे थांबला. त्या दिवसापासून माझा सात नंबर ११०.

यात दोन चुका एकावर एक बसल्या होत्या. एक, बॉल थांबला ते अंतर मी धरलं, हवेतून गेला ते नाही. खेळणारे हवेतल्या अंतराला कॅरी म्हणतात, आणि तळ्याला फक्त कॅरी कळते. पाण्यावरून बॉल घरंगळत जात नाही. दुसरी, तो रेंजवरचा बॉल होता. रेंजचे बॉल हजारो वेळा मार खायला बनवलेले असतात: कठीण कवच, आणि झिजलेल्या खळग्या. त्या खळग्यांवरच बॉलचं उडणं अवलंबून आहे. एकोणिसाव्या शतकात झाडाच्या चिकापासून बनवलेले गुळगुळीत बॉल मारणाऱ्यांच्या लक्षात आलं की ठोकून खरबरीत झालेला जुना बॉल नव्यापेक्षा सरळ आणि लांब जातो. मग मुद्दाम ओरखडे काढायला लागले, आणि पुढे १९०५मध्ये विल्यम टेलर नावाच्या इंग्रज माणसानं खळग्यांचं पेटंट घेतलं. आज बॉलवर तीनशे-चारशे खळग्या असतात. अगदी गुळगुळीत बॉल त्याच फटक्याला निम्म्याच्या आसपासच जाईल. झिजलेल्या, रंग भरलेल्या खळग्यांचा बॉल कुठे जाईल, हे तो बॉलच जाणे.

तर ठरवलं, इन्स्पेक्शन करायचं. आधी एकच बॉल निवडायचा, मग त्याच बॉलनं प्रत्येक क्लबची कॅरी मोजायची.

बॉल निवडायचं काम वाटलं होतं त्यापेक्षा चिघळलं, कारण क्लबमधल्या प्रत्येकाचं याबद्दल मत आहे. एका काकांनी सांगितलं, तुमचा स्विंग हळू आहे, तुम्ही मऊ बॉल घ्या, तो जास्त दबतो आणि जास्त जातो. दुसऱ्यांनी सांगितलं, महागडा बॉल तुमच्यावर वाया जाईल. हे सांगणारे स्वतः तोच महागडा बॉल खेळतात आणि माझ्याहून फार बरे नाहीत, ते जाऊ द्या. मी तीन प्रकारांचे सहा-सहा नवे बॉल आणले. पहिला दोन थरांचा, कडक आयोनोमरच्या कवचाचा, स्वस्त. दुसरा गुलाबी, डब्यावर 'सॉफ्ट' आणि एक फूल. तिसरा तीन थरांचा, युरेथेनच्या कवचाचा, ज्याचे पैसे देताना मी नवऱ्याकडे बघितलं नाही.

दरम्यान कुठेतरी वाचलं की बॉलचा गाभा मधोमध नसला तर तो वाकडा जातो, आणि ते घरी तपासता येतं. साध्या पाण्यात बॉल बुडतो. पाण्यात इतकं मीठ घालायचं की तो तरंगायला लागेल, मग वर आलेल्या भागावर खूण करायची, बॉल फिरवून सोडायचा आणि बघायचं की तीच खूण पुन्हा वर येते का. आली तर एक बाजू जड. ओट्यावर पातेलं मांडलं, लिटरभर पाणी. दोन चमचे मीठ घातलं, बॉल तळाशी. वाटीभर घातलं, तरी तळाशीच. शेवटी दोन-सव्वादोनशे ग्रॅम मीठ गेलं तेव्हा तो डुगडुगत वर आला. पाणी नुसतं बोटाला लावून चाखलं तर खारातल्या मिरच्यांची आठवण झाली.

"बॉलचं लोणचं घालतेस का?" नवऱ्यानं विचारलं.

नव्या अठरापैकी एकच बॉल हट्टानं त्याच बाजूनं वर येत राहिला, आणि तो कुठला, तर सगळ्यात महागातला. तो मी सरावाला टाकला. कुंपणापाशी घेतलेल्यांपैकी मात्र चार-पाच असे निघाले. त्या चार-पाचांनी माझं किती नुकसान केलं असेल हे मला सांगता येणार नाही. माझ्या हातून सरळ फटकाच इतका क्वचित बसतो, की वाकडेपणा कुणाचा हे ठरवायला फॉरेन्सिकवाले बोलवावे लागतील.

आता मोजणी. लाँच मॉनिटर नावाचं रडारचं यंत्र मिळतं, बॉलचा वेग, फिरकी, कॅरी सगळं दाखवतं. आम्ही ते घेतलं नाही. आमच्याकडे होता पुण्याचा जुलै महिना.

हे मला फार उशिरा सुचलं, पण सुचलं याचा अभिमान आहे. उन्हाळ्यात बॉल पडतो एकीकडे आणि थांबतो दुसरीकडे. पावसाळ्यात तो पडतो तिथेच बसतो. चिखलात अर्धा रुतून, डोळा उघडल्यासारखा वर बघत. म्हणजे जुलैमध्ये बॉल जिथे सापडला, तिथवरचं अंतर हीच कॅरी. हजारो रुपयांचं यंत्र जे सांगतं ते ओली माती फुकट सांगते. सकाळी सव्वासहाला सरावाचं मैदान रिकामं असतं. मी एका टोकाला, छत्री खोचलेली बॅग शेजारी. नवरा दुसऱ्या टोकाला, गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात वही आणि लेझरचा रेंजफाइंडर. निवृत्त कर्नल असल्यामुळे बॉल कुठे पडला ते सांगायची त्याची पद्धत तोफखान्यातली. मी मारला की लांबून ओरडायचा, "कमी! डावीकडे आठ!" आणि सहाव्या-सातव्या दिवशी कॅन्टीनवाल्यानं मला हळूच विचारलं, साहेब रागावलेत का.

प्रत्येक क्लबचे पंधरा फटके. पहिल्याच दिवशी आमचं वाजलं ते वाईट फटक्यांवरून. त्याचं म्हणणं, सपशेल फसलेला फटका मोजायचा नाही, तो क्लबचा दोष नाही. माझं म्हणणं, खातं बुडालं तर ते यादीतून काढून टाकायचं नसतं, तीच तर बातमी असते. सात नंबरचे पंधरा आकडे माझ्या वहीत असे आहेत, लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेले: ७१, ७९, ८४, ८८, ९०, ९२, ९३, ९४, ९५, ९५, ९६, ९७, ९८, ९९, १०१.

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. ११० त्यात कुठेच नव्हता. पंधरात एकदाही नाही. माझा जो सर्वोत्तम फटका, आयुष्यातला नसला तरी त्या सकाळचा, तो १०१ गेला होता. सरासरी काढली तर साडेएक्याण्णव येते, पण त्या ७१नं ती ओढून खाली आणली आहे. म्हणून मी मधला आकडा धरला, आठवा: ९४. माझा सात नंबर ९४ यार्ड जातो. हे वाक्य मोठ्यानं म्हणायला मला दोन दिवस लागले.

आणि मग सहावं होल. पलीकडची कड ९६वर. ओळीत बघा, ९६च्या पुढे किती आहेत? ९७, ९८, ९९, १०१. पंधरात चार. म्हणजे त्या तळ्याला मी तीन बॉल दिले यात नवल काही नव्हतं; मागच्या आठवड्यात एक पार गेला होता, हेच नवल. तेव्हापासून मी प्रत्येक क्लबसमोर दोन आकडे लिहिते. एक मधला, साध्या जागी वापरायचा. दुसरा खालून चौथा, म्हणजे पंधरातले बारा फटके निदान जिथवर पोचतात तो. सात नंबरचा हा दुसरा आकडा ८८ आहे. समोर पाणी असेल तर मी ९४ विसरते आणि ८८ धरते.

बाकीच्या क्लबांनी आणखी एक भानगड बाहेर काढली. सहा नंबर मधला आकडा ९८. पाच नंबर १००. सात, सहा, पाच मिळून तिघांत सहा यार्डांचा फरक, आणि त्यांच्या वर एकदम तीन नंबरची वुड, म्हणजे जाड डोक्याचा लांब मारायचा क्लब, १२६. म्हणजे तीन क्लब एकाच कामाला लावलेले आणि १०० ते १२६ या टापूत एकही माणूस नाही. हे बँकेत बघितलं असतं तर मी दोन बदल्यांची शिफारस केली असती. कारण सरळ आहे. लहान नंबरच्या आयर्नचा चेहरा उभा असतो, बॉल वर चढायला त्याला वेग लागतो. माझ्यासारख्या हळू स्विंगला तो वेग नसतो, त्यामुळे बॉल बुटका उडतो आणि लवकर पडतो. दुकानातले सेट बहुतेक पाचपासून सुरू होतात, आणि आपण सेट घेतला म्हणून पाच नंबर बॅगेत वागवत राहतो. मी पाच आणि सहा काढले. त्यांच्या जागी एक पाच नंबरचा हायब्रिड, म्हणजे आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब, आणि एक सात नंबरची वुड आली, दोन्ही जुनी, एका मैत्रिणीकडून. हायब्रिडचा मधला आकडा १०७ निघाला, वुडचा ११६. वुडचं डोकं मोठं, वजन खाली आणि मागे, त्यामुळे बॉल न मागता वर चढतो. नवऱ्यानं सात नंबरच्या वुडला हातही लावला नाही. पुरुषांना त्या क्लबची लाज वाटते असं माझं निरीक्षण आहे.

आता बॉलचं काय झालं ते सांगते, कारण सुरुवात त्यावरून झाली होती.

सात नंबरनं तिन्ही प्रकार मारले, प्रत्येकी पंधरा. स्वस्त कडक ९६, महागडा ९४, गुलाबी ९३. एवढाच फरक. मऊ बॉल दबून जास्त जातो हे माझ्या वहीत तरी खोटं ठरलं. ड्रायव्हरलाही, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबलाही, तिघं चार यार्डांच्या आत. मी जरा हिरमुसलेच. सत्तेचाळीस जातींच्या बॉलांवर मी एवढं खापर फोडलं होतं, आणि चांगल्या-वाईट बॉलचा फरक निघाला तीन यार्ड. माझ्या हाताचा फरक, ७१ ते १०१, तीस यार्ड.

पण ग्रीनजवळ गोष्ट बदलली. तीस यार्डांवरून सँड वेजनं, म्हणजे बॉल उंच उडवणाऱ्या क्लबनं, चिप, म्हणजे जवळचे छोटे फटके, केले, ग्रीनवर एक रुमाल टाकून त्यावर टप्पा पाडायचा. कडक बॉल रुमालाजवळ पडून सहा-सात पावलं पळायचा. युरेथेनचा बॉल पडायचा, एक उडी मारायचा, दुसऱ्या टप्प्याला पाय रोवल्यासारखा अडायचा आणि तिसऱ्या-चौथ्या पावलावर थांबायचा. युरेथेनचं कवच मऊ, वेजच्या खाचा त्यात चावतात आणि बॉल फिरकी घेऊन निघतो. म्हणजे कालपर्यंत मी एका होलवर पळणारा बॉल चिप करत होते आणि पुढच्या होलवर थांबणारा, आणि दोन्ही वेळा स्वतःच्या मनगटाला शिव्या देत होते. पटिंगचंही तसंच. (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा हलका फटका म्हणजे पट, त्याचा क्लब तो पटर.) कडक बॉल पटरवर टक् वाजतो, दुसरा ठप्. आवाजावरून आपण जोर ठरवतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. डोळे मिटून ऐकून बघा.

शेवटी मी घेतला तो चौथाच बॉल: तीन थरांचा, युरेथेन कवचाचा, पण सगळ्यात महाग कंपनीचा नव्हे. चिपला महागड्यासारखाच थांबतो. तीन डझन घेतले, कारण कंपन्या दर दोन वर्षांनी मॉडेल बदलतात आणि डब्यावर 'नवीन, आणखी लांब' असं छापतात. मला लांब नकोय. मला तेच हवंय.

नियमांचं म्हणाल तर साध्या खेळात असं काही बंधन नाही. होल संपलं की पुढच्या टीवर दुसऱ्या जातीचा बॉल खुशाल काढता येतो. वरच्या दर्जाच्या स्पर्धांमध्ये मात्र समिती एक-बॉलची अट लावू शकते: संपूर्ण फेरी एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा बॉल. व्यावसायिकांना ती अट जाचक वाटत नसणार, ते तसेही दुसरा बॉल हातात धरत नाहीत. आमच्या चौकडीत ती लावली तर निम्मे घरी जातील.

एकाच जातीचा बॉल घेतल्याचा एक तोटा आहे, तो पहिल्याच महिन्यात भोवला. माझं बघून मैत्रिणीनं तोच बॉल घेतला. दोघींचे बॉल गवतात शेजारी पडले, दोन्हींवर ३ नंबर, आणि मी तिचा मारला. चुकीचा बॉल मारला की दोन फटक्यांचा दंड. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बॉलवर अक्षरांच्या डाव्या बाजूला निळ्या मार्करचा एक ठिपका आणि खाली आडवी रेघ असते. 

नोव्हेंबरमध्ये आम्ही पुन्हा मोजलं, जमीन वाळल्यावर. पावसाळ्यात क्लबचा चेहरा आणि बॉल यांच्या मध्ये पाणी येतं, फिरकी कमी होते, एखादा बॉल साबणावरून सटकल्यासारखा जातो. त्यामुळे जुलैच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबायला मन तयार नव्हतं. कॅरी जवळपास तीच आली, सात नंबर ९५. फक्त आता पुढचं घरंगळणं मिळायला लागलं, सात नंबरला बारा-तेरा यार्ड, ड्रायव्हरला पंचवीस-तीस. पंचाण्णव आणि तेरा, एकशेआठ. हा माझा जुना ११०. म्हणजे तो अगदीच हवेतून आलेला नव्हता, जमिनीवरून आला होता.

डिसेंबरात एक दिवस सगळेच आकडे पाच-सहा यार्डांनी पडले आणि मी घाबरले. रात्री बॅग गाडीच्या डिकीत राहिली होती, सकाळी दहा-अकरा अंश तापमान. गारठलेला बॉल कमी उसळतो, थंड हवा दाट असते, आणि दोन स्वेटर घातलेली बाई अर्धवट वळते. आता थंडीत बॅग घरात, जिन्याखाली. आणि चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात खेळायला गेलो तेव्हा तिथले एक गृहस्थ पुणेकरांना सांगत होते की मुंबईची दमट हवा जड, बॉल जात नाही. दमट हवा खरं तर कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, पाण्याची वाफ नायट्रोजन आणि ऑक्सिजनपेक्षा हलकी. मुंबईत बॉल किंचित कमी जातो तो मुंबई समुद्रसपाटीला आणि पुणं साडेपाचशे मीटर वर म्हणून. माझ्या अंतराला तो फरक दोन यार्डांचा. मी बोलले नाही, पाहुणी होते.

हँडिकॅप, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, सत्तावीसचा चोवीस झाला आहे. ड्रायव्हर एक यार्डही लांब गेलेला नाही. क्लबमध्ये मी ९४ सांगते तेव्हा समोरचा आधी हसतो आणि मग, खरंच सांगते, थोडा अस्वस्थ होतो. एकानं तर पार्किंगमध्ये गाठून विचारलं, तुमचे कर्नल मोकळे असतात का सकाळी.

सहाव्या होलवर मी आता हायब्रिड काढते. त्याचा खालून चौथा आकडा १००, कड ९६, बॉल बहुतेक वेळा फ्लॅगच्या मागे जातो आणि तिथून उताराचा पट खाली येतो, दोन पटांत कधीच जात नाही. ते वेगळं दुखणं. तरी पंधरात एखादा अजून पाण्यात जातोच.

गेल्या महिन्यात कुंपणापाशी तो बॉलवाला पोरगा बसला होता, पोत्यावर ओळीनं धुतलेले बॉल मांडून. सवयीनं वाकून बघितलं. तिसऱ्या ओळीत एकावर निळा ठिपका, खाली आडवी रेघ.

"हा कितीला?"

"साठ, मॅडम. एकदम नवा आहे."

"अरे, माझाच आहे हा."

त्यानं बॉल उचलून बघितला, मला बघितलं. "मग पन्नास द्या."

दिले. घरी आणून पुसला, पण बॅगेत ठेवला नाही. किती दिवस पाण्यात होता कोण जाणे.